किल्ली कुणी मागायची?

परवा जुने फोटो लावताना एक फोटो सापडला. आमच्या इंडियानापोलिसच्या घरातला सोफा, त्यावर मफलर गुंडाळून बसलेले बाबा, आणि टीव्हीवर पांढऱ्या जर्सीतला एक खेळाडू मान खाली घालून मैदानाबाहेर चाललाय. तारीख ३ नोव्हेंबर २०१९. त्या माणसावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. (दादा, वहिनी, शेवटचा भाग तुमच्यासाठीही आहे. रागावू नका!)

आधी थोडं फुटबॉलबद्दल. म्हणजे इथलं, अमेरिकन फुटबॉल. बाबांना सांगितलं होतं तसंच सांगतो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेलात की ६ गुण. त्यावर बोनस म्हणून एक किक, ती दोन खांबांमधून गेली की आणखी १. आणि रेषेपर्यंत पोचणं जमत नसेल तर लांबूनच खांबांमधून किक मारायची, त्याचे ३. या किक मारायला खास एक माणूस असतो, किकर. बाकी वेळ तो बाजूला उभा. बाबा म्हणाले, "म्हणजे दिवसभरात पाच मिनिटं काम? बरी नोकरी आहे की!"

बरी कसली! बाकीच्यांच्या चुका गर्दीत खपून जातात. किकरची चूक साठ हजार माणसं एकदम बघतात.

फोटोतला तो माणूस म्हणजे ॲडम व्हिनाटेरी, आमच्या कोल्ट्स संघाचा किकर. वय तेव्हा ४६. २०१८ च्या ऑक्टोबरात त्याने मॉर्टन अँडरसनचा २,५४४ गुणांचा विक्रम मोडला होता, म्हणजे लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त गुण याच्या नावावर. आणि २०१९ च्या त्या हंगामात गावभर एकच चर्चा, म्हाताऱ्याला काढायचं की ठेवायचं?

या प्रश्नाची गंमत अशी की व्हिनाटेरीची कारकीर्द सुरूच मुळी याच प्रश्नाने झाली.

१९९६ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा किकर होता मॅट बार, वय ४०. आणि प्रशिक्षक होते बिल पार्सेल्स. आता पार्सेल्स आणि बार यांचं नातं बघा. १९९१ च्या जानेवारीत पार्सेल्स न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक होते. सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात जायंट्स १५-१३ ने जिंकले, आणि ते पंधराच्या पंधरा गुण बारचे! पाच किक, शेवटची अगदी घड्याळ संपताना. आठवड्याने सुपर बोल २०-१९ असा जिंकला, त्यातही शेवटचे ३ गुण बारचेच. अशा माणसाचे उपकार कोण विसरेल? पण पाच वर्षांनी त्याच पार्सेल्सनी त्याच बारला घरी पाठवलं आणि एका अनोळखी पोराला घेतलं. साउथ डकोटाचा पोरगा, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीही निवडलं नव्हतं, जो त्याआधी ॲमस्टरडॅमच्या संघाकडून खेळत होता. तोच व्हिनाटेरी. सुरुवातीचे काही सामने त्याचेही वाईटच गेले. "कशाला काढलं बारला!" असं तेव्हा किती जणांना वाटलं असेल.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९ जानेवारी २००२, फॉक्सबरोला धो धो बर्फ पडतोय, खाली जमीन दिसत नाही, आणि ४५ यार्डांवरून किक मारून याने बरोबरी साधली. मग जादा वेळेत विजयाची किकही यानेच मारली. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून. २००४ मध्ये पुन्हा सुपर बोल, ४ सेकंद उरलेले, ४१ यार्ड. यातली एखादी जरी हुकली असती तरी इतिहास वेगळा झाला असता.

आणि २००६ मध्ये याच पेट्रियट्सनी त्याला जाऊ दिलं. वय ३३. कोल्ट्सनी जास्त पैसे देऊन उचलला. पेट्रियट्सनी चौथ्या फेरीत स्टीफन गोस्टकाउस्की हा पोरगा निवडला. बोस्टनकर हळहळले. पण गोस्टकाउस्कीने पुढे पेट्रियट्सच्या इतिहासातले सर्वाधिक गुण मिळवले, आणि व्हिनाटेरीने पहिल्याच हंगामात कोल्ट्सबरोबर सुपर बोल जिंकून पुढे एकूण १४ हंगाम काढले. म्हणजे बदलणाऱ्यांचंही चुकलं नाही आणि घेणाऱ्यांचंही नाही. माणूस संपल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, असा काही नियम नाही, एवढं मला यातून कळलं.

आता २०१९ कडे येऊ. हंगाम सुरू होण्याआधी, २४ ऑगस्टला कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक निवृत्त झाला. वय २९! दुखापतींनी पिचलो, म्हणाला. बातमी कळताच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. एकोणतिशीचा थांबला आणि शेहेचाळिशीचा चालूच. पहिल्याच सामन्यात व्हिनाटेरीच्या दोन किक आणि एक बोनस किक हुकली. सामना गेला. दुसऱ्या सामन्यात दोन बोनस हुकले. प्रशिक्षक फ्रँक राइक म्हणाले, आमचा पूर्ण विश्वास आहे.

विश्वास खोटा होता असं मी म्हणणार नाही. २७ ऑक्टोबरला डेन्व्हरविरुद्ध आधी एक बोनस हुकवूनही याने २२ सेकंद उरले असताना ५१ यार्डांवरून किक मारली आणि सामना १५-१३ असा जिंकून दिला. त्या दिवशी सोफ्यावर सगळ्यात मोठ्याने ओरडलो तो मी. बाबा दचकले होते. गोंधळ होतो तो इथेच. म्हातारपण सरळ रेषेत येत नाही हो. दोन वाईट दिवसांनंतर एक असा झळझळीत दिवस येतो, की आपण म्हणतो, "बघा, काही झालं नाहीये त्याला."

पुढच्याच रविवारी, म्हणजे फोटोतल्या दिवशी, पिट्सबर्गला सव्वा मिनिट उरलेलं, ४३ यार्ड. चेंडू नीट धरला गेला नव्हता, शिवण त्याच्या पायाकडे होती. किक डावीकडे गेली. सामना २६-२४ असा हरला. त्याने दोष स्वतःकडेच घेतला. १ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध तीन किक वाया, त्यातली एक अडवून प्रतिस्पर्ध्यांनी थेट धावत जाऊन गुण केले. मग कळलं की डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागणार. ज्या पायावर सगळा भार टाकून उजव्याने मारायचं, तो पाय. जागी आला चेस मॅक्लॉफलिन, जन्म १९९६ चा, व्हिनाटेरी लीगमध्ये आला त्याच वर्षीचा! ५-२ अशी सुरुवात केलेल्या संघाचा हंगाम ७-९ ने संपला. सगळा दोष त्याचा नव्हता, पण २५ पैकी १७ किक आणि २८ पैकी २२ बोनस हे आकडे काही लपत नाहीत. २,६७३ गुण करणाऱ्या माणसाची शेवटची आठवण ही.

माझं मत सांगतो. कोल्ट्सनी त्याला सप्टेंबरातच बदलायला हवं होतं. सामन्यांसाठी नाही, त्याच्यासाठी. दुखरा गुडघा घेऊन उभा असलेला चिवट माणूस "मला जमत नाही" असं कधीच म्हणणार नाही. ती चिवटपणाची सवयच त्याला तिथवर घेऊन आलेली असते. मग ते म्हणायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. पार्सेल्सनी १९९६ मध्ये ते केलं. कठोर वाटतं, पण बारची आठवण आजही त्या पाच किकची आहे.

हे सगळं मी त्या संध्याकाळी बाबांना ऐकवत होतो. ते म्हणाले, "आम्हाला सरकारने अठ्ठावन्नला हार घालून घरी पाठवलं. जमतंय का म्हणून कुणी विचारलं नाही. तेव्हा राग आला होता. पण बरंच असतं ते. कुणाला तोंडावर सांगावं लागत नाही."

मी गप्प बसलो. कारण सांगलीत बाबांची स्कूटर होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या वर्षी दोनदा पडलेले. दादाने फोनवर मला सांगायचं, मी दादाला म्हणायचं, "तेच थांबतील आपणहून." स्कूटरला अठ्ठावन्नचा नियम नाही ना. आणि मधूनच ते बाजारातून गर्दीतून झकास घरी यायचे, की आम्ही दोघेही म्हणायचो, बघ, काही झालं नाहीये त्यांना.

जेवणं झाल्यावर मी धीर करून म्हटलं, "बाबा, परत गेलात की स्कूटरची किल्ली दादाकडे द्याल का?"

ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याने मागितली असती तर कधीच दिली असती. मला वाटलं, तुम्हाला अजून जमतंय असंच वाटतंय."