ओटीपीच्या आधीची ओळ

गुरुवार, रात्री ९:२०

रविवारी सुनेचं डोहाळजेवण. मिरजेच्या काकूला हिरवी साडी हवी होती आणि फोनवर ती आपणहून चालत आली: ‘येवल्याची अस्सल हातमागाची पैठणी, फक्त १,८९९ रुपये.’ खाली लाल आकडे उलटे पळत होते. १४:५९, १४:५८. येवल्यातला विणकर एका पैठणीसाठी कित्येक आठवडे मागावर बसतो. एवढ्या पैशांत रेशीमसुद्धा येणार नाही. काकूला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तिच्या लग्नातल्या पैठणीचा पदर उलटा करून तिनेच मला दाखवला होता: नक्षी दोन्हीकडून सारखी दिसली की माल खरा. पण फोटोतला पदर उलटता येत नाही.

९:३४

काकांनी चष्म्यावरून विचारलं, “एचटीटीपीएस आहे का बघ.” निवृत्त शिक्षक, नियम पाठ. बघितलं, होतं.

इथे जरा थांबतो, कारण निम्म्या घरांत हाच समज आहे. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे ती सांगत नाहीत. चोराच्या दारापर्यंत जाणारा रस्ताही पक्का असू शकतो. असं प्रमाणपत्र २०१५ पासून फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाचा लोक भलताच अर्थ लावतात, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं. ‘सुरक्षित नाही’ असं लिहून आलं तर कार्ड बाहेर काढायचंच नाही, हे खरं. पण तसं लिहून आलं नाही म्हणजे दुकान खरं, असं नव्हे.

बघायचं होतं ते वेगळंच. साइटचं नाव नऊ दिवसांपूर्वी नोंदवलेलं (हे मी दुसऱ्या दिवशी शोधलं, दोन मिनिटं लागली). दुकानाचा पत्ता नाही, फक्त व्हॉट्सअॅप. कॅश ऑन डिलिव्हरी ‘तात्पुरती बंद’, यूपीआयसुद्धा बंद. चालू काय, तर कार्ड.

९:४१

काकांच्या पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड. खात्यात २,१४,०००. काकूने सोळा आकडे टाकले, मुदत टाकली, मागचे तीन आकडे टाकले. पलीकडे कुणीतरी तेच आकडे त्याच वेळी एका खऱ्याखुऱ्या साइटवर भरत होतं.

९:४३

ओटीपी आला. ऑनलाइन कार्डखरेदीला ही दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली, आणि त्या रात्री तिने आपलं काम चोख केलं. संदेशात रक्कम होती: ४८,५०० रुपये. कुणाला जाणार तेही होतं, आणि त्यात पैठणीचा प नव्हता. त्यानंतर सहा आकडे. पण हल्ली कीबोर्डच ते आकडे उचलून वर आणून ठेवतो. काकूने टिचकी मारली. संदेश उघडलाच नाही.

पडद्यावर आलं: ‘व्यवहार अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.’

९:४६

पुन्हा प्रयत्न. दुसरा ओटीपी, ३९,००० रुपयांचा. पुन्हा टिचकी, पुन्हा ‘अयशस्वी’. “जाऊ दे, सकाळी बघू,” म्हणत काकूने फोन चार्जिंगला लावला. पैसे गेल्याचे दोन्ही संदेश सवलतींच्या जाहिरातींखाली दबून गेले.

मध्यरात्रीनंतर

कार्डाची दिवसाची मर्यादा तारीख बदलली की नव्याने सुरू होते. १२:०७ ते १२:३१, डॉलरमधले सहा व्यवहार, मिळून ६४,००० च्या आसपास. ओटीपी एकाचाही नाही, कारण परदेशातल्या बऱ्याच साइट तो मागतच नाहीत. परदेशी व्यवहार चालू-बंद करायची सोय बँकेच्या अॅपमध्ये असते. २०२० च्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर ते बंदच येतात. काकांनी दुबईच्या सहलीला चालू केले होते. सहलीचे फोटो अल्बममध्ये लागले, बटण तसंच राहिलं.

शुक्रवार, सकाळी ९:१०

आचाऱ्याच्या आगाऊ रकमेसाठी काका एटीएमवर गेले. ५,००० काढले. पावतीवर शिल्लक ५७,५००.

९:४० ते १०:३०

सगळ्यात सहज टाळता आला असता असा तास हा. काकांनी कार्ड बंद केलं नाही, कुणाला फोन केला नाही. ते बँकेत जाऊन पासबुक भरायच्या रांगेत उभे राहिले, कारण त्यांच्या लेखी पासबुकात छापून येत नाही तोवर काही घडलेलं नसतं. पुढे तिघं, त्यात एकाचं पासबुक यंत्रात अडकलं. रांगेत असतानाच, १०:२२ ला, आणखी ३०,००० गेले.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक या बाबतीत कोरडं आणि स्पष्ट आहे. ग्राहकाने स्वतःच कार्डाची गुपितं दिली असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं बँकेचं.

१०:३४

मला फोन आला. “अरे, छापून आलंय,” काका म्हणाले.

“काका, आधी कार्ड बंद करा. बाकी मग.”

१०:४१ ला कार्ड बंद. १०:४४ ला सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा क्रमांक, १९३०, लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक विचारले. काकांनी पासबुकातून बोट फिरवत एकेक वाचून दाखवलं. तक्रारीचा क्रमांक एसएमएसवर आला.

१०:५८

डॉलरचा आणखी एक प्रयत्न. नाकारला गेला.

संध्याकाळ

गेले १,८१,५००. पहिल्या रकमेची गिफ्ट कार्डं रात्रीच वापरून झाली होती. दुसरी एका वॉलेटमध्ये गेली होती, त्यातले ११,२०० तिथेच होते, ते गोठवले गेले. डॉलरच्या व्यवहारांवर हरकतीचा अर्ज भरला. काकूने दोन्ही ओटीपींचे संदेश पहिल्यांदाच पूर्ण वाचले, मोठ्याने, मला इंग्रजीचा अर्थ विचारत. मग म्हणाली, “आकडा तर लिहिलाय की रे.”

शनिवार, दुपारी

हिरवी साडी गावातल्याच दुकानातून आणली, २,४०० ची, रोख देऊन. परत येताना रिक्षात काकूने फोन माझ्यापुढे धरला. तीच पैठणी, तोच फोटो, दुकानाचं नाव वेगळं. आता १,४९९. खाली लाल आकडे: १४:५९.