प्रतिकृतींचे रंगकाम : पातळ किती, फवारा कसा?

विमाने, रणगाडे, जहाजे यांच्या प्लॅस्टिकच्या लघुप्रतिकृती तयार करण्याच्या छंदात सर्वाधिक नुकसान जोडणीत होत नाही, ते रंगकामात होते. सुटे भाग तासून, चिकटवून, सांधे भरून महिनाभरात उभे केलेले विमान चुकीच्या पद्धतीने पातळ केलेल्या रंगामुळे दोन मिनिटांत विद्रूप होऊ शकते. एअरब्रश प्रथमच हाती घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘रंगात थिनर किती घालावे’ हा असतो. त्याआधी ‘कोणते थिनर’ हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

कुंचल्याऐवजी फवारा कशासाठी, याचे उत्तर साध्या गणितात आहे. १:७२ प्रमाणाच्या प्रतिकृतीवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाडीचा बसला, तर खऱ्या विमानावर सात मिलिमीटरहून जाड लेप चढवल्यासारखा तो दिसतो. पत्र्यांच्या जोडरेषा बुजतात, रिव्हेटच्या खुणा नाहीशा होतात. एअरब्रशमध्ये नोझलच्या टोकाशी वेगाने वाहणारी हवा तेथील दाब कमी करते, रंग बाहेर खेचला जातो आणि त्याचे सूक्ष्म तुषार होतात. थर अगदी पातळ व एकसारखा बसतो. मात्र या नोझलचे छिद्र साधारणतः ०.२ ते ०.५ मिलिमीटर एवढेच असते. बाटलीतील दाट रंग त्यातून सुरळीत बाहेर पडत नाही.

‘अ‍ॅक्रिलिक’ या एका नावाखाली दोन वेगळ्या प्रकृतीचे रंग विकले जातात आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथेच आहे. जपानमधील तामिया किंवा मिस्टर हॉबीचे अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात मिसळत असले, तरी त्यांत अल्कोहोलच्या जातीचे द्रावक असतात. त्यांना तामियाचे स्वतःचे ‘एक्स-२०ए’ थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगले मानवते. स्पेनच्या व्हॅलेहोचे रंग याउलट पाण्यावर आधारलेले असतात. त्यांत राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. अशा रंगात अल्कोहोल ओतले की हे कण एकमेकांना चिकटतात आणि पेल्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. त्या नोझलमध्ये अडकल्यास साफसफाईत अख्खी संध्याकाळ जाते. ज्या कंपनीचा रंग त्याच कंपनीचे थिनर, हा नियम सुरुवातीला महाग वाटला तरी अंती स्वस्त पडतो. प्रयोग करायचाच असेल, तर आधी चार-पाच थेंब बाटलीच्या झाकणात मिसळून पाहावेत.

हार्डवेअरच्या दुकानात फर्निचर व वाहनांच्या रंगासाठी मिळणारे एनसी थिनर मात्र या कामी टाळावे. प्रतिकृतीचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनचे असते. अशा तीव्र थिनरने त्याचा पृष्ठभाग विरघळतो, त्याला बारीक तडे जातात. त्यावर उपाय नाही.

नळाचे पाणी का चालत नाही, असाही प्रश्न विचारला जातो. पाण्याचा पृष्ठताण आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या तिपटीहून अधिक असतो. त्यामुळे नुसत्या पाण्याने पातळ केलेला रंग प्लॅस्टिकवर पसरण्याऐवजी अळवावरच्या पाण्यासारखा थेंब धरून बसतो. शिवाय पाणी फार झाले की रंगकणांना धरून ठेवणारी राळ विरळ होते आणि वाळलेला थर बोटाने खरवडला जातो. तयार थिनरमध्ये पृष्ठताण कमी करणारे घटक असतात. किंमत त्यांचीच असते.

प्रमाणाचे आकडे दिशादर्शक समजावेत. तामियाच्या रंगाला समभाग थिनरपासून सुरुवात करता येते. बारीक रेषांसाठी एक भाग रंगाला दोन भाग थिनरही लागते. व्हॅलेहोचा ‘मॉडेल कलर’ कुंचल्यासाठी बनवलेला असल्याने दाट असतो, तर ‘मॉडेल एअर’ बाटलीतच पातळ असतो. त्याला थोडेच थिनर पुरते. अखेरची कसोटी डोळ्यांची. पेल्याच्या कडेवरून ओघळणारा रंग सायविरहित दुधासारखा उतरावा आणि मागे रंगाची झिरझिरीत पापुद्री राहावी.

रंगाचा पातळपणा, हवेचा दाब आणि अंतर यांतले एक बदलले की उरलेली दोन्ही बदलावी लागतात. सर्वसाधारण कामाला १५ ते २० पीएसआय दाब आणि सात ते दहा सेंटिमीटर अंतर योग्य ठरते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन मेसरश्मिट विमानांच्या कुशीवरचे पुसट ठिपके उमटवायचे असतील, तर रंग आणखी पातळ करावा, दाब दहाच्या आसपास आणावा आणि नोझल एक-दोन सेंटिमीटरवर न्यावे. तेवढ्या अंतरावर दाब तसाच ठेवला, तर ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे फाकतो. उलट दाट रंग दुरून मारल्यास तुषार वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दुहेरी क्रियेच्या एअरब्रशमध्ये आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हात प्रतिकृतीच्या बाहेर सुरू होऊन पलीकडे बाहेरच थांबावा. पहिला थर इतका विरळ असावा की खालचे प्लॅस्टिक दिसत राहील. घाई येथेच नडते.

थंड देशांतील पुस्तकांत दिलेले आकडे महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उष्म्यात रंग सुईच्या टोकावरच वाळतो. तेथे रंग उशिरा वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन-तीन थेंब, किंचित कमी दाब आणि सकाळची वेळ उपयोगी पडते. मुंबई व कोकणात पावसाळ्यात अडचण उलटी असते. दाबामुळे तापलेली दमट हवा नळीत थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ऐन फवाऱ्यात थेंब उडतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा सापळा बसवणे तेथे अनिवार्यच. दोन थरांमधील प्रतीक्षाही वाढवावी लागते.

अ‍ॅक्रिलिकला वास कमी, म्हणून ते निरुपद्रवी, हा समज धोक्याचा आहे. तुषार श्वासावाटे फुप्फुसात जातात; रुमाल त्यांना पुरेसा रोखत नाही आणि द्रावकाची वाफ तर मुळीच रोखत नाही. रंगाच्या कामासाठीचा, बाष्प शोषणाऱ्या फिल्टरचा मुखवटा आणि हवा बाहेर टाकणारा पंखा दोन्ही असावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वलनशील असल्याने जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. बंद खोलीत देवघरातील समईसुद्धा विचारात घ्यावी.

रंग बदलताना पेला पुसून त्याच थिनरचा फवारा जुन्या कापडावर रंगहीन येईपर्यंत मारावा. दिवसाअखेरीस सुई मागून हलकेच ओढून पुसावी. तिचे टोक वाकले, तर फवारा कायम एका बाजूला जातो आणि नवी सुई घ्यावी लागते.