कायद्याचा प्रारंभ, व्याप्ती आणि सातत्य : उस्मानाबाद जिल्ह्यातील कुळहक्कांच्या संदर्भात

प्रस्तावना

कायदा केव्हापासून लागू होतो, कोठे लागू होतो आणि नवा कायदा आल्यावर जुन्याखालील हक्कांचे काय होते, हे दिवाणी न्यायव्यवस्थेतील मूलभूत प्रश्न होत. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात १९४८ नंतरच्या दोन दशकांत हे प्रश्न थेट शेतकऱ्याच्या बांधावर येऊन ठेपले. प्रस्तुत लेखात कुळहक्कांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

सत्तांतर आणि कायद्याचे सातत्य

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानाचा कारभार जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनाकडे आला. राज्यकर्ते बदलले, तरी संस्थानी कायदे त्या दिवशी संपले नाहीत. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, तेव्हाही अनुच्छेद ३७२ नुसार अस्तित्वातील कायदे सक्षम अधिसत्तेने बदलेपर्यंत चालू राहिले. भारतीय दंड संहिता, करार अधिनियम यांसारखे केंद्रीय कायदे १९५१ च्या अधिनियमाद्वारे १ एप्रिल १९५१ पासून येथे विस्तारित झाले. जमीन महसुलाचा १३१७ फसलीचा कायदा तर त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. सत्ता बदलली तरी कायद्यात पोकळी निर्माण होत नाही, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात दिसते.

मागील वहिवाट, नवा हक्क

हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा १० जून १९५० पासून अमलात आला. सामान्यतः कायदा भविष्यलक्षी असतो. स्पष्ट तरतूद असल्याखेरीज त्याला भूतलक्षी प्रभाव दिला जात नाही. या अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये मात्र एक सूक्ष्म भेद आढळतो. फसली १३४२ ते १३५२ या काळात, किंवा १ जानेवारी १९४८ च्या लगतपूर्वी, सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ मानण्याची तरतूद त्यात होती. हक्काला मान्यता १९५० च्या कायद्याने दिली. त्याचा आधार असलेली वहिवाट निजामी काळातील होती. त्यामुळे फसली सनातील महसुली नोंद कुळाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. नोंद नसलेल्या कुळाला वर्षानुवर्षांची मेहनत सिद्ध करणे कठीण होते.

एक राज्य, दोन कायदे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ नुसार प्रदेश हस्तांतरित झाला तरी त्यावर लागू असलेले कायदे तेच राहिले. याचा परिणाम परंडा आणि बार्शी या शेजारच्या तालुक्यांत पाहता येतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा लागू होता. त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ पात्र कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंड्यातील कूळ त्या दिवशी त्याच राज्याचे रहिवासी होते. तरी त्यांना हा दिवस लागू नव्हता. त्यांच्यासाठी हैदराबाद अधिनियमातील कलम ३८-ई होते. त्यानुसार शासन एखाद्या क्षेत्रासाठी अधिसूचना काढून त्यात नमूद करील, त्या तारखेपासून मालकी संरक्षित कुळाकडे जात असे. हद्दीच्या अलीकडे तारीख कायद्यातच ठरलेली होती, तर पलीकडे ती अधिसूचनेवर अवलंबून होती. पुढे विदर्भासाठी १९५८ मध्ये स्वतंत्र कायदा झाल्याने महाराष्ट्रात कुळवहिवाटीचे तीन कायदे नांदू लागले.

निरसन आणि व्यावृत्ती

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि जुना फसली कायदा निरसित झाला. तथापि, व्यावृत्तीच्या तरतुदीने पूर्वीच्या कायद्याखाली केलेल्या कृती व प्राप्त झालेले हक्क सुरक्षित राहिले. निरसनाने कायदा जातो. त्याखाली मिळालेला हक्क केवळ त्या कारणाने जात नाही.

निष्कर्ष

उस्मानाबादच्या अनुभवावरून असे दिसते की, प्रारंभाची तारीख, प्रादेशिक व्याप्ती आणि व्यावृत्ती या केवळ तांत्रिक बाबी नाहीत. जमीन कोणाची, याचे उत्तर अनेकदा त्यांवरच अवलंबून होते. म्हणून मराठवाड्यातील जमीनविषयक इतिहास अभ्यासताना कायद्याच्या आशयाइतकेच त्याच्या अंमलाच्या तारखेकडे आणि क्षेत्राकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.