परदेशी पती किंवा पत्नी: ओसीआय कार्ड मिळेपर्यंत भारतात प्रवास कसा करावा

तुम्ही परदेशी नागरिक आहात, भारतीय नागरिकाशी लग्न करून तंजावूर जिल्ह्यात राहता आणि ओसीआय कार्डाची वाट पाहत आहात. या काळात चेन्नईला दवाखान्यात जायचे असेल, कुंभकोणमला लग्न असेल किंवा पुण्या-पंढरपूरकडच्या नातेवाइकांकडे जायचे असेल, तर जाता येते का? येते. त्यासाठी काय तयारी लागते, ते या पानावर दिले आहे.

थोडक्यात

• प्रवासाचा हक्क ओसीआयच्या अर्जामुळे मिळत नाही आणि अर्ज प्रलंबित आहे म्हणून जातही नाही. तो तुमच्या चालू व्हिसावर अवलंबून असतो.
• मूळ पासपोर्ट आणि व्हिसा सोबत ठेवा. छायाप्रत पुरेशी नाही.
• जिथे मुक्काम कराल, तिथल्या यजमानाने २४ तासांत तुमची माहिती कळवायची असते.
• काही सीमावर्ती प्रदेशांत जाण्यासाठी वेगळा परवाना लागतो.

हे पान कोणासाठी आहे

भारतीय नागरिकाचा परदेशी पती किंवा पत्नी, जो प्रवेश व्हिसावर (एक्स-२) राहत आहे, त्याच्यासाठी ही माहिती आहे. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ओसीआय मिळत नाही. त्यांच्या व्हिसाचे नियमही वेगळे आहेत. श्रीलंकन तमिळ पुनर्वसन छावण्यांत राहणाऱ्या कुटुंबांनाही ही माहिती लागू नाही. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे.

वाट किती काळ पाहावी लागते

परदेशी जोडीदारासाठी भारतात ‘कायम निवासी’ असा वेगळा दाखला नाही. त्याच्या सर्वांत जवळची सोय म्हणजे ओसीआय. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७अ नुसार लग्न नोंदणीकृत असावे लागते आणि अर्जाच्या लगेच आधी ते सलग किमान २ वर्षे टिकलेले असावे लागते. त्यानंतर सुरक्षा पडताळणी होते. म्हणजे लग्न झाल्यापासून कार्ड हाती येईपर्यंत २ वर्षांहून अधिक काळ जातो. भारतीय नागरिकत्व हा पुढचा टप्पा आहे. त्यासाठी ७ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

लग्न तमिळनाडूत झाले असेल, तर तमिळनाडू विवाह नोंदणी कायदा, २००९ प्रमाणे ९० दिवसांत नोंदणी करा. नोंदणी रखडली तर पुढचे सगळेच रखडते.

निघताना सोबत काय ठेवावे

१. मूळ पासपोर्ट. त्यावर व्हिसा असावा. व्हिसा ऑनलाइन मिळाला असेल तर त्याची छापील प्रत ठेवा.
२. एफआरआरओ किंवा एफआरओने दिलेले नोंदणी प्रमाणपत्र अथवा निवास परवाना.
३. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत.
४. मुदतवाढीचा किंवा ओसीआयचा अर्ज केला असेल तर त्याची पोच. अर्ज क्रमांक वेगळा लिहून ठेवा.

रेल्वेच्या आरक्षित डब्यात आणि विमानतळावर मूळ पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. तंजावूरहून चेन्नईला रेल्वेने जा किंवा तिरुचिरापल्लीहून विमानाने, पासपोर्ट सामानात खोलवर न ठेवता हाताशी ठेवा. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळले पाहिजे. लग्नानंतर घरी बदललेले नाव तिकिटावर घालू नका.

मुक्काम: हॉटेल आणि नातेवाइकांचे घर

परदेशी व्यक्तीला राहायला जागा देणाऱ्याने तिची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. ही माहिती ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखली जाते. हॉटेल, लॉज आणि धर्मशाळा यांनी ती भरायची असते, हे बहुतेकांना माहीत असते. घरगुती यजमानालाही हाच नियम लागू आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. नणंदेच्या किंवा मावससासूच्या घरी ४ दिवस राहायला जाणार असाल, तर त्यांना आधी सांगा आणि पासपोर्ट-व्हिसाचे तपशील द्या. फॉर्म भरल्याची पोच तुमच्याकडेही ठेवा. घरचीच माणसे आहेत म्हणून हे राहून जाते आणि पुढे चौकशी झाली की त्रास यजमानाला होतो.

जास्त दिवस राहायचे असेल तर

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल आणि त्यावर नोंदणीची अट असेल, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. नोंदणीत दिलेला पत्ता हाच तुमचा अधिकृत पत्ता असतो. काही दिवसांसाठी बाहेरगावी गेल्याने तो बदलत नाही.

बाळंतपण, आजारपण किंवा जोडीदाराची नोकरी यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात दीर्घ मुक्काम होणार असेल, तर निघण्याआधीच ई-एफआरआरओ संकेतस्थळावर कळवा. १९९२ च्या नोंदणी नियमांत यासाठी ८ आठवड्यांची मर्यादा होती. आधीच कळवून ठेवले तर दिवस मोजत बसावे लागत नाही. घरच बदलले असेल तर पत्ताबदलाची नोंद करा.

वेगळा परवाना कुठे लागतो

अरुणाचल प्रदेश, मणिपूर, मिझोराम, नागालँड, सिक्कीम, तसेच लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि राजस्थान यांच्या सीमेलगतचे काही भाग संरक्षित किंवा प्रतिबंधित प्रदेशांत येतात. अंदमान-निकोबारच्या काही बेटांसाठी आणि लक्षद्वीपसाठीही परवाना लागतो. तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांत सर्वसाधारण प्रवासाला असा परवाना लागत नाही.

लक्षात ठेवा: तुमच्या भारतीय जोडीदाराला मिळालेला इनर लाइन परवाना तुम्हाला चालत नाही. ओसीआय कार्ड मिळाल्यावरही या प्रदेशांसाठी परवाना घ्यावाच लागतो.

व्हिसाची मुदत संपत आली असेल तर

ओसीआयचा अर्ज केला म्हणून व्हिसाची मुदत आपोआप वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी ई-एफआरआरओवर मुदतवाढीचा अर्ज करा आणि मगच प्रवासाचा बेत आखा. अर्ज ऑनलाइन होतो. बोलावले तरच कार्यालयात जावे लागते, म्हणून त्या काळात फोन आणि ईमेल रोज पाहा. विदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यानुसार मुदत उलटून राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पासपोर्ट हरवला किंवा कोणी ठेवून घेतला तर

हरवला असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घ्या. त्यानंतर आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधा. श्रीलंका, मलेशिया आणि सिंगापूर यांची कार्यालये चेन्नईत आहेत. नवा पासपोर्ट मिळाल्यावर व्हिसा त्यावर घेण्यासाठी ई-एफआरआरओवर अर्ज करा.

सासरच्या कोणी पासपोर्ट काढून घेतला, बाहेर जाऊ दिले नाही किंवा ‘तुझा व्हिसा रद्द करू’ अशी धमकी दिली, तर गप्प राहू नका. व्हिसा देणे किंवा रद्द करणे हे सरकारचे काम आहे, घरच्यांचे नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मधील पीडित व्यक्तीच्या व्याख्येत ‘कोणतीही स्त्री’ येते. तिथे नागरिकत्वाची अट नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो स्वतःच्या ईमेलवर आधीच पाठवून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जोडीदार सोबत नसताना एकट्याने प्रवास करता येतो का?
होय. देशांतर्गत प्रवासासाठी पती किंवा पत्नी सोबत असण्याची अट नाही.

मला आधार मिळेल का?
मागील १२ महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त काळ भारतात राहिला असाल, तर अर्ज करता येतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. प्रवासात आधार असला तरी पासपोर्ट सोबत हवाच.

मध्येच माहेरी, परदेशात जाऊन यायचे आहे. चालेल का?
व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का, हे आधी पाहा. एकाच प्रवेशाचा असेल तर परत येताना नवा व्हिसा लागेल.

कुठे विचारावे

तंजावूर जिल्ह्यासाठी विदेशी नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक. राज्य पातळीवरचे एफआरआरओ कार्यालय चेन्नईत शास्त्री भवन, हॅडोज रोड येथे आहे. अर्ज ई-एफआरआरओ संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. मूळ पासपोर्ट कोणत्याही एजंटाच्या ताब्यात देऊ नका.