संथ नौकेचे यंत्र

मल्हारराव होळकरांच्या मागोमाग ज्या मराठी घराण्यांनी माळव्यात बिऱ्हाडे थाटली, त्यांना येथे समुद्र लाभला नाही. लाभली ती नर्मदा आणि लाभले ते तलाव. १७६७ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी महेश्वरास राजधानीचा मान दिला आणि तेथील घाटांपुढून कहार-केवटांच्या नावा वल्ह्यांच्या तालावर ये-जा करीत राहिल्या. पुढे इंदूर वाढले, त्याची तहान वाढली, आणि होळकर दरबाराने शहराभोवती जलाशय उभारले. बिलावली आणि सिरपूर हे त्यांतले जुने. गंभीर नदीवरील यशवंत सागर हा त्या मानाने अलीकडचा. १९३० च्या दशकात, महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत तो बांधला गेला.

यशवंत सागराचे पाणी शहर पिते. त्याच पाण्यात कटला, रोहू यांसारखे मासे वाढविले जातात. त्याच्याच काठाशी सारस वावरतात आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. २०२२ मध्ये सिरपूर व यशवंत सागर या दोहोंना रामसर यादीत स्थान मिळाले आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला ‘पाणथळ नगर’ म्हणून मान्यता मिळाली. नागरिकांचे पिण्याचे पाणी, मच्छीमाराची उपजीविका आणि पाखरांचा निवारा या तिन्ही गोष्टी एकाच पाण्यावर विसंबून असताना त्या पाण्यावरची नाव कशाने चालवावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. त्याला मात्र पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून योग्य यंत्राची निवड होणे कठीण.

विजेवर चालणारी नाव ही आजची नवलाई आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः पेट्रोलच्या इंजिनाहून ती वडील. १८३८ मध्ये मोरित्झ याकोबी या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीत विजेच्या बळावर नाव चालवून दाखविली. तिच्यात दहा-बारा माणसे बसली होती. पण जस्त आणि आम्ल यांच्या घटमालांनीही नावेत बरीच जागा अडविली होती. पुढे गुस्ताव्ह त्रूवे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिसच्या सेन नदीत एक वेगळीच युक्ती योजिली. मोटर, पंखा आणि सुकाणू यांची एकच जोडणी करून ती त्याने नावेच्या पिछाडीस टांगली. काम संपले की ती उचलून घरी न्यावी! नावेबाहेर टांगावयाच्या यंत्राचा हा आद्य अवतार विजेचा होता. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात तर विजेच्या पन्नासाहून अधिक नौका प्रेक्षकांना कालव्यांतून फिरवीत होत्या.

मग ही नाव मागे का पडली? दोष मोटरीचा नव्हता, बॅटरीचा होता. शिशाच्या बॅटरीचे ओझे फार आणि साठवण थोडी. उलट पेट्रोलच्या लहानशा डब्यात दिवसभराची मजल सामावे. १९०९ च्या सुमारास ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत पेट्रोलचे टांगते इंजिन बाजारात आणले आणि विजेची नाव विस्मृतीत गेली. आपल्याकडे तेलाची इंजिने शेतीच्या वाटेने आली. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. डिझेल इंजिन खेडोपाडी विहिरींवर पोहोचले आणि नद्यांवरच्या नावाड्यांनी तेच उचलून, लांब दांडा व पंखा जोडून, नावेत बसविले. त्या इंजिनाने नावाड्याच्या खांद्यांना विसावा दिला, हे उपकार विसरता येत नाहीत. मात्र धूर, धडधड आणि पाण्यावर पसरणारा तेलाचा तवंगही त्याच्याच पदरी आला. जुन्या पद्धतीच्या दोन-धावी पेट्रोल इंजिनात तर पाव हिश्शापर्यंत इंधन न जळताच पाण्यात जाते.

या सबंध काळात वीज एका लहानशा कामापुरती नावेवर टिकून राहिली, आणि ते काम होते गळाचे. चालत्या नावेमागे आमिष लावलेला गळ हळूहळू ओढीत नेण्याच्या पद्धतीस इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. तिला वेग नको असतो. संथपणा आणि शांतता हवी असते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील पार्श्वरेषा असते, तिच्यायोगे पाण्यातले सूक्ष्म कंपही त्याला कळतात. नर्मदेतला महाशीर, ज्याला तीरावरचे लोक बाडस म्हणतात आणि जो २०११ पासून मध्यप्रदेशाचा राज्यमत्स्य आहे, तो तर सावधपणाबद्दल प्रसिद्धच. इंजिनाच्या धडधडीने असा मासा दूर पळणार हे उघड आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतील फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट याने फोर्ड मोटारीचा स्टार्टर काढून त्याला दांडा व पंखा जोडला आणि ट्रोलिंग मोटर जन्मास आली. मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या सीमेवर हे गाव असल्याने त्याच्या कंपनीचे नाव मिन कोटा असे पडले. मोटारगाडीच्या पोटातला एक तुकडा पाण्यावर वल्ह्याचे काम करू लागला. या यंत्राला वल्ह्याचा वारस मानले, म्हणजे निवडीचे निम्मे कोडे सुटते.

ही मोटर घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती अश्वशक्तीची?’ येथेच घोटाळा होतो. बारा व्होल्टवर पन्नास अँपिअर घेणारी चांगली मोटर अवघी सहाशे वॅट घेते, म्हणजे एका अश्वशक्तीहूनही कमी. यास्तव या मोटरींचे माप अश्वशक्तीत न देता रेट्यात, म्हणजे पाणी मागे लोटण्याच्या जोरात, देतात. आणि तोही पौंडांत. रूढ अडाखा असा, की भरल्या नावेच्या दर शंभर पौंडांस, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोंस, दोन पौंड रेटा असावा. नाव अडीचशे किलोंची, दोन माणसांचे वजन एकशेतीस, बॅटरी पन्नास, आणि जाळी व मासळी मिळून सत्तर, असे पाचशे किलो धरले, तर बावीस पौंड रेटा पुरतो. वारा आणि पाणवेली यांसाठी निम्म्याने वाढ केली तरी तेहतीस होतात. यशवंत सागरासारख्या स्थिर पाण्यात चाळीस ते पंचावन्न पौंडांची, एका बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटर म्हणूनच पुरेशी होय. याहून मोठ्या मोटरीस चोवीस वा छत्तीस व्होल्ट लागतात; बॅटऱ्या दोन-तीन होतात आणि त्यांचेच ओझे वाहण्यात वाढीव जोर खर्ची पडतो.

खरी परीक्षा बॅटरीची. मोटारगाडीची बॅटरी येथे घेऊ नये. ती क्षणभर मोठा झटका देण्यासाठी घडविलेली असते, तळापर्यंत उपसली की लवकर निकामी होते. घरच्या इन्व्हर्टरची नळीदार बॅटरी उपसा सोसते. परंतु ती जड असते आणि हेलकाव्यांनी तिच्यातले आम्ल सांडू शकते. त्यापेक्षा शिशाची बंदिस्त बॅटरी बरी. शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज उपसावी, तर ती टिकते. म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम तासभर. तेवढ्याच क्षमतेची लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी, जवळजवळ सगळी वीज देणारी आणि दोन हजारांहून अधिक वेळा भरता येणारी. खरेदीच्या वेळी ती महाग पडते, पण वर्षानुवर्षांच्या वापरात स्वस्त ठरते.

आता पाण्याचा एक जुना नियम पाहावा. वेग निम्मा केला, तर लागणारी शक्ती स्थूलमानाने आठव्या हिश्शावर येते. घाईत तासभर पुरणारी बॅटरी संथ चालीत अर्धा दिवस पुरते ती यामुळे. मात्र पाच ठरावीक वेगांच्या जुन्या मोटरी वेग कमी करताना बरीच वीज नुसती उष्णतेत घालवितात; वेग सलग कमी-जास्त करता येणारी मोटर ती वाचविते. थोडे अधिक पैसे मोजायचेच असतील तर ते येथे मोजावेत.

दांड्याची लांबीही पाहिली पाहिजे. पंखा पृष्ठभागाखाली साधारण वीतभर तरी बुडालेला हवा. तो उथळ राहिला तर नुसता फेस काढतो. परदेशी नावांना रुंद, सपाट नाळ असते, म्हणून तेथे मोटर पुढे बसवितात. आपल्या नावांची नाळ निमुळती. त्यांना मागे टांगावयाची, हातदांड्याने वळविता येणारी साधी मोटरच सोयीची. उपग्रहाच्या साहाय्याने नाव एका जागी थोपवून धरणाऱ्या मोटरीही निघाल्या आहेत. जाळे टाकणाऱ्याला त्यांची गरज नाही. कोकणातल्या आप्तांसाठी घ्यावयाची असेल, तर खाऱ्या पाण्यासाठी मुद्दाम बनविलेलीच घ्यावी.

या मोटरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचा वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा. पावसाळ्यातील नर्मदेच्या लोंढ्यापुढे ती टिकाव धरणार नाही. तेथे तिच्यावर विसंबणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. मोठ्या नौकांसाठी विजेची मोठी यंत्रे आहेत. केरळात २०१७ पासून ‘आदित्य’ ही पंचाहत्तर उतारूंची सौर नौका वैकोम येथे धावू लागली, ती त्याच वाटेने.

२०२३ मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाने भोपाळच्या मोठ्या तलावात क्रूझ व यांत्रिक नौका चालविण्यास मनाई केली. पिण्याच्या पाण्याच्या तलावांपुढे उद्या काय वाढून ठेवले आहे, याची ही सूचना होय. तेव्हा मच्छीमाराच्या हाती काय असेल? इंजिन सोडून तो पुन्हा वल्ह्याकडे वळला, तर शहराला स्वच्छ पाणी मिळेल, पण त्याची किंमत त्याच्या खांद्यांनी मोजलेली असेल. नावा आणि जाळ्यांसाठी २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अर्थसाहाय्याची तरतूद झाली. विजेच्या मोटरीचा विचारही त्याच भूमिकेतून व्हावयास हवा. लिथियम बॅटरीचा पहिला खर्च एकट्या नावाड्यावर टाकणे न्यायाचे नाही, कारण त्याचा लाभ सबंध शहराला मिळतो. होळकरांनी तलाव बांधले तेव्हा त्यांचा खर्च राज्याने सोसला, पाणी भरणाऱ्या पखालजीवर तो लादला नाही. तलाव राखण्याच्या खर्चालाही तोच न्याय लागू पडतो.