विद्युतबिघाड, उड्डाणातील

प्रवासी जेट विमानाच्या प्रत्येक इंजिनावर जनित्र असते. एक बंद पडले तर उरलेली जनित्रे भार उचलतात. गरजेप्रमाणे शेपटीतले साहाय्यक जनित्रही सुरू करतात. सगळेच गेले, तर बॅटरी आणि काही विमानांत वाऱ्याच्या झोताने फिरणारी छोटी टर्बाइन, एवढ्यावर मोजकी उपकरणे चालतात. अशा वेळी एकाने फक्त विमान उडवायचे, दुसऱ्याने तपासयादी वाचायची.

अंधारात खरा धोका वीज जाण्यापेक्षा खोटे दाखवणाऱ्या उपकरणाचा. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसेना. उजवे वळण संपवून विमान सरळ झाले, तरी कप्तानासमोरचा स्थितिदर्शक ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिला. कप्तानाने विमान डावीकडे झुकवले, झुकवतच नेले. राखीव दर्शक शाबूत होता; फ्लाइट इंजिनिअरने सावधही केले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. त्यावरील सर्व २१३ जण दगावले. हा काटेकोर अर्थाने वीज जाण्याचा प्रसंग नव्हे; पण दोन उपकरणांत तफावत दिसताच तिसऱ्याशी ताडून पाहायचे, हा नियम दोन्हीकडे एकच.