माळावरचे शिकारी

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यानं निघालं की वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागतं. तिथल्याच एका वस्तीवर माझं लहानपण गेलं. बाहेरचा माणूस आमचा माळ बघून म्हणायचा, "हितं हाय काय? कुसळं अन् ऊन!" पण मेंढरांमागं दिवस काढलेल्याला विचारा. त्या माळावर रोज शिकार चालायची.

पाऊस सरला की भोवत्या यायचे. हे पाहुणे पार मध्य आशियातून येतात, हे मला फार पुढं वाचून कळलं. पंख वर धरून, गवताच्या शेंड्यांवरून, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीनं तरंगत जायचे. मधेच वळून धप्पदिशी खाली. त्यांचा चेहरा थोडा घुबडासारखा. गवतातली खुसखुस कानानं टिपायची सोय. रात्री झाडावर नाही, गवतातच घोळक्यानं बसायचे. सकाळी त्या जागी ओकलेल्या गोळ्या सापडायच्या. फोडल्या की आत नाकतोड्यांचे पाय. आज्जा म्हणायचा, "आपल्या ज्वारीचे राखणदार हायेत, धोंडा मारू नको."

खरुची हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायची. कापशीही तशीच, उंदरावर नजर ठेवून. सापमार गरुडाची वेळ उशिराची. ऊन तापून वारं वर चढू लागलं की तो त्यावर घिरट्या घ्यायचा. भर दुपारी मात्र सगळेच सावली धरायचे.

या सगळ्यांत थोरला माळढोक. आमच्याकडं त्याला हूम म्हणत, त्याच्या घुमण्यावरून. हाही नाकतोडे, सरडे टिपायचा. ज्वारीचे दाणे, बोरंही खायचा. भारतात राष्ट्रीय पक्षी ठरवायचा होता, तेव्हा सलीम अलींनी याचंच नाव सुचवलं होतं. 1963 साली मान मोराला मिळाला. 1970च्या दशकात सोलापूरचे पक्षीअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे जाणकारांचं लक्ष वेधलं आणि 1979 साली अभयारण्य झालं. कागदावर ते तब्बल 8496 चौरस किलोमीटरचं! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात.

आमच्या घरात भांडण शिरलं ते इथून. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी अण्णांना दोन एकर विकायचे होते. कागद अडकले. कचेरीत खेटे घालून अण्णा दमले. रात्री भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पाखराला एवढा मुलूख, अन् मला माझं दोन एकर विकता येईना!" ते ऐकून माझ्या मनात हूमाविषयी अढी बसली.

त्याच पावसाळ्यात मेंढरं वळवताना पायापासून एक मादी उठली. जमिनीवर, गवतात एकच अंडं होतं. घरटं असं काहीच नाही. मादी थोडी लांब जाऊन उभी राहिली. मी निघून जायला हवं होतं. पण राग होता, कुतूहलही होतं. मी तिथंच बसून राहिलो. मेंढरं पांगली म्हणून त्यांच्यामागं पळालो आणि परत फिरलो, तर अंड्यावर कावळा. पिवळं बलक गवताला लागलेलं. मादी अजून तिथंच उभी.

संध्याकाळी आज्ज्याला सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "कावळा टपलेलाच असतो रं. पण तिला उठवली कुणी?" थोड्या वेळानं म्हणाला, "वर्साला एकच घालती ती." दुसऱ्या दिवसापासून पाऊसकाळ संपेपर्यंत त्यानं मेंढरं ओढ्याच्या पलीकडं नेली. चारा कमी पडला, अण्णा बोलले, तरी नेली.

पुढं अभयारण्याची हद्द कमी करून 1222 चौरस किलोमीटरवर आणली. अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. पण तोवर माळ नांगरले गेले, विहिरी-बोअर झाले, ऊस आला, तारा आल्या. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात.

मी अजून नान्नजला जातो. थंडीत भोवत्या येतात, गवतावरून तरंगतात. पोराला दाखवतो. तो विचारतो, "आणि हूम?" मी त्याला त्या अंड्याची गोष्ट सांगतो. कावळ्यापासून नाही, माझ्यापासून सुरू करतो.